स्वयंपाकघराची जागा

दौंडचं रेल्वे क्वार्टर सोडून रंभाताईंनी माहेरच्या गावात घर बांधलं आणि वर्षभरातच स्वयंपाकघराचा कोबा तडकून खचला. शिरूरच्या हौसराव मिस्त्रींनी तो फोडला, तर खाली बुजवलेल्या विहिरीचा दगडी कठडा लागला.

"ताई, भराव बसतोय. जागा घेताना कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

"मला ठावं व्हतं."

"मग स्वयंपाकघर तिकडं सरकवा. मोप जागा हाय."

"न्हाई. दगड भरा, लोखंड टाका, पर कोबा हितंच करा."

"हितंच का?"

"ह्या कठड्याच्या भायेर माझी आई घागर घेऊन उभी राह्यची. कुणी वरनं पाणी वाढंल म्हणून."

रंभाताईंनी आतल्या खोलीत बसलेल्या म्हाताऱ्या आईला हाक दिली, "आई, मिस्त्रींना प्यायला पाणी आण."