जेवलीस का?

गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. म्हणून एचआयव्हीच्या गोळीची आठवण करून देणारं ॲप, लातूरला मामाकडे शिकायला राहिलेल्या आरतीला रोज रात्री आठला 'शिवम' या नावाने एवढंच विचारायचं : 'जेवलीस का?'

मंगळवारी ते मामाने वाचलं.

"कोन हाय गं ह्यो शिवम?"

खरं सांगितलं, तर उद्यापासून तिचं ताट वेगळं मांडलं जाणार होतं.

"कालेजातला पोरगा हाय, मामा."

मामाने फोन हिसकावून उत्तर पाठवलं : 'परत मेसेज केलास तर तंगडं मोडून हातात देईन.' मग तो तिच्यासमोर खुर्ची टाकून बसला. गोळी पर्समध्येच राहिली.

उत्तर आलं म्हणजे गोळी घेतली, असं ॲप धरतं. लगेच शिवमचा मेसेज आला : 'शाब्बास! उद्या याच वेळी.'