पुलापलीकडचं गाव

"माझ्या जन्मगावी जायला मी कुणालाही पासपोर्ट दाखवणार नाही!" पहिल्याच निवडणुकीत डॅन्यूबच्या पुलावर उभं राहून तोरदाईंनी गर्जना केली. पुढची अठ्ठावीस वर्षं ते गावाला गेलेच नाहीत.

गाव समोर दिसायचं. जुन्या फाळणीत ते नदीपलीकडच्या देशात गेलं होतं. हंगेरीतला हा राष्ट्रवादी पुढारी त्या एका गर्जनेवर सात वेळा निवडून आला. मध्येच कधीतरी सीमेवरची तपासणी बंद झाली, तेव्हा पक्षाचे चिटणीस धावत आले. "साहेब, तिकडे मात्र जाऊ नका. तुम्ही पोचलात, तर आपण मतं कशावर मागायची?"

आठव्या निवडणुकीत तोरदाई पडले. त्याच आठवड्यात पलीकडून थोरल्या बहिणीचा फोन आला. "गेर्गो, रविवारी मी नव्वदीची होतेय. आता येतोस, की थेट मातीलाच येणार?"

रविवारी त्यांनी सभेचा काळा कोट चढवला, पासपोर्ट मुद्दाम कपाटात ठेवला आणि काठी टेकत पूल ओलांडला. अठ्ठावीस वर्षं घोटून ठेवलेला नकार ओठांवर तयार होता. जुन्या चौकीच्या खिडकीत एक आइस्क्रीमवाली बसली होती.

"आजोबा, व्हॅनिला देऊ की चेरी?" तिनं चक्क हंगेरियनमध्ये विचारलं.

तोरदाईंनी मान ताठ केली. पलीकडच्या बाकावरून बहीण हात हलवत होती.

"चेरी. दोन द्या. पण बाई, त्याआधी मला एकदा पासपोर्ट मागा ना."