गोठ्याच्या दाराचा लघुग्रह

महाडच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुरारीनं गोठ्याच्या दाराला लावायचा काळा खडबडीत दगड वाडीवरून डोक्यावर आणला. लेकीला लघुग्रह हवा होता ना! श्रुतिकानं त्याच्याभोवती अमेरिकेच्या मोहिमेतली तीन चिमुकली अंतराळयानं चिंचोक्यांची करून दोऱ्यांनी टांगली. तेवढ्यात शाळेचे सर पेपर घेऊन आले. “अगं, अमेरिकेनं ही यानं पाठवायची मोहीमच रद्द केली! आवर हे.” मुरारीनं टॉवेलची चुंबळ वळून डोक्यावर ठेवली. “चल गो, दगूड घरी नेतो. गोठ्याचं दार उघडं हाय.” एवढा डोंगर उतरून आलेला बाबा असाच परतणार? “थांब, बाबा!” तिनं तक्त्यावर ठळक ‘मोहीम रद्द’ लिहिलं. परीक्षक आले, वाचून हसले. “मग हे दाखवतेस कशाला?” “मोहीम रद्द झाली, सर. दगड वर फिरतोयच की! कुणीतरी जायलाच हवं.” परीक्षकांनी वाकून चिंचोका हळूच हलवला. मुरारीनं चुंबळ सोडून दगड लख्ख पुसला.