चुन्याचा गोल

स्केट्सचं बारीक चाक बोटभर भेगेतही अडकतं, म्हणून काल्हेरच्या गोदामांमागच्या रस्त्यावर दीपेश प्रत्येक भेगेभोवती चुन्याचा ठळक गोल काढून ठेवायचा. आठ वर्षांच्या लेकीला, करिष्माला, त्यानं एकच नियम शिकवला होता. "गोल दिसला की वळायचं. इचार करत बसायचं न्हाय."

आज सकाळी ती स्केट्सवरून सफाईनं वळत वळत गेली आणि मध्येच थांबून ओरडली, "पप्पा, इथं तर भेगच न्हाय! मग गोल कशाला काढला?"

दीपेश जवळ गेला. रस्ता गुळगुळीत होता. हा गोल चुन्याचा नव्हता, खडूचा होता. त्यानं काढलेलाच नव्हता.

"वो पुलिस का है, सेठ," गोदामाचा वॉचमन म्हणाला. "कल शाम एक बाइकवाला आपका चूनेवाला गोल देखके एकदम मुड़ा. उसको लगा बड़ा गड्ढा है. पीछे से ट्रक आ रहा था."

दीपेशनं चुन्यानं माखलेले हात पाठीमागे नेले.

"पण पप्पा," करिष्मा म्हणाली, "गोल दिसला की वळायचंच ना?"