टाकीवरचे दोन ठोके

त्सुनामीतून वाचलेल्या स्कूबा पाणबुड्यांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या बाईंसमोर, त्या पाणबुड्यांपैकीच एक असलेला तो आज पहिल्यांदाच हसला.

"आमच्या गटाचा म्होरक्या, आमचा दादा, पाण्यात सगळ्यांच्या मागे राहायचा. हवेच्या टाकीवर चाकूची मूठ दोनदा आपटली, की समजायचं, वर चला! टाळ वाजावा तसा गोड ठोका हो."

"आणि त्या दिवशी?"

"वाजवला की. आम्ही सगळे वर आलो. तो तेवढा खालीच राहिला."

भरदुपारी, समुद्रकाठच्या इमारतीतल्या तळमजल्याच्या त्या खोलीत, फरशीखालून आवाज आला. ठण्, ठण्.

बाईंना भास वाटला. पण टेबलावरच्या रेकॉर्डरचा काटाही दोनदा हलला होता.

थोरल्या बहिणीचा धरावा तसा त्याने त्यांचा हात धरला. "ताई, जिन्याकडे चला. दादा उगाच नाही वाजवत."

फरशीखाली पुन्हा ठोके पडले. या वेळी घाईघाईने.