कपाटातली गोळी

"सिस्टर, तुमचा अंगठा लावून गोळी काढता येईल का?" अकरावीतल्या मंजिरीनं विचारलं.

शाळेच्या दवाखान्यातलं कपाट अंगठा ओळखूनच उघडायचं. गर्भनिरोधक गोळ्या मुलींना मोफत होत्या, पण गोळी हातात पडताच वडिलांच्या फोनवर निरोप जायचा. पालकांनी याच अटीवर योजनेला होकार दिला होता.

"माझ्याही अंगठ्याची नोंद होते गं," ठोंबरे सिस्टर म्हणाल्या. "नोकरी जाईल माझी. आईला सांगून बघ."

"आई अण्णांना सांगेल." मंजिरी वर्गात निघून गेली.

अडीच महिन्यांनी तिनं गर्भ पाडायला बाजारातून कसलंसं औषध आणून घेतलं. तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत खूप रक्त गेलं होतं. ती वाचली नाही.

पुढच्याच आठवड्यात तपासणीला आलेले साहेब भरलेलं कपाट बघून खूश झाले. वर्षभरात एकही गोळी गेली नव्हती. 'मुली चांगल्या वळणाच्या आहेत,' असा शेरा त्यांनी लिहिला.

तेरावं झाल्यावर मंजिरीचे वडील, अण्णा, तिची कागदपत्रं न्यायला शाळेत आले आणि दवाखान्यात डोकावले.

"पोरगी तुमच्याकडे कधी आली होती का?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

"मी रागावलो असतो," अण्णा सावकाश म्हणाले, "पण दवाखान्यात नेलं असतं हो तिला. तुमच्याकडे आली असती, तर तुम्ही दिली असती ना गोळी?"

"दिली असती."

अण्णांनी हात जोडले आणि ते निघून गेले.