अकरा वेळा निकाली

"अकरा," शिंपीकाकांनी चिठ्ठी टेबलावर आपटली. "तुम्हीच मोजा. गटाराच्या तक्रारीचे अकरा नंबर आहेत."

मोजायचंच काम होतं त्या खोलीत. कुठल्या वॉर्डात किती तक्रारी आल्या, किती दिवसांत मिटल्या, मागच्या वर्षापेक्षा बरं की वाईट. हे सगळं मांडणाऱ्या बाईंना अख्खी नगरपालिका आकडेबाई म्हणायची. खालच्या तीन खिडक्यांनी टोलवलेला माणूस शेवटी त्यांच्यावर येऊन आदळायचा, कारण या एकाच खोलीच्या दारात शिपाई नव्हता.

"काका, गटार माझ्याकडे नाही. मी फक्त आकडे ठेवते."

"मग आकडे तरी नीट ठेवा. दारातलं चेंबर तुंबलंय. घाण पाणी उंबऱ्याच्या आत येतं. आज दुपारी बायकोला दवाखान्यातून घरी आणतायत. पायाचं ऑपरेशन झालंय. टाक्यांना घाण पाण्याचा थेंब लागता कामा नये म्हणाले डॉक्टर. आता काय तिला छताला टांगू?"

आकडेबाईंनी एकेक नंबर संगणकात टाकून पाहिला. पहिला हिरवा. दुसरा हिरवा. अकराच्या अकरा हिरवे, प्रत्येकापुढे 'निकाली', आणि लागलेले दिवस दोन. कुठे फार तर तीन.

"मुकादम येऊन गेला का हो?"

"दर वेळी येतो. वाकून बघतो, मान हलवतो, निघून जातो. चहासुद्धा घेत नाही बिचारा, वास येतो म्हणून."

वाकून बघितलं की पाहणी झाली. पाहणी झाली की तक्रार बंद. तीन दिवसांत बंद झालीच पाहिजे, असा वरून हुकूम होता. पाणी तसंच राहिलं म्हणून माणसाने परत फोन केला, की नवी तक्रार, नवा नंबर, नवे दोन दिवस. आकडेबाईंना हे आजवर ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांच्याकडे येत होते ते नुसते नंबर; एकाच गटाराचे अकरा नंबर चिठ्ठीवर घेऊन उभा राहिलेला माणूस पहिल्यांदाच आला होता. आणि भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेला आलेख होता: पाच वर्षांपूर्वी तक्रार मिटायला सरासरी एकोणीस दिवस, यंदा दोन. तोच आज तीन वाजता मुख्याधिकाऱ्यांसमोर जायचा होता. त्यात काकांचा वॉर्ड शहरात पहिला आला होता.

त्यांना स्वतःचाच राग आला. अशा वेळी माणूस उगाच खरं बोलून जातो.

"काका, तुम्ही जितके फोन करता ना, तितका तुमचा वॉर्ड यादीत वर जातो."

"आँ?"

"प्रत्येक फोन म्हणजे दोन दिवसांत मिटलेली आणखी एक तक्रार."

"आणि नाही केला फोन तर?"

"तर तक्रारच नाही. मग सगळं उत्तमच."

"म्हणजे बोललो तरी तुमचं भलं आणि गप्प बसलो तरी तुमचं भलं." काकांनी कपाळाला हात लावला. "बाई, चाळीस वर्षं कपडे शिवतोय. गिऱ्हाईक समोर उभं असताना मी मागच्या वर्षीच्या वहीतून माप घेत नाही. घेतलं तर बटणं तुटतील पोटावरची."

आकडेबाईंनी पत्ता टाकला आणि त्या पत्त्यावरचे अकरा नंबर एका ओळीत आणले. पहिल्या फोनपासून आजपर्यंत दोनशे चौदा दिवस. तक्रार एक. स्थिती: चालू. वॉर्डाची सरासरी दोनवरून टुणकन नऊवर गेली आणि पहिला वॉर्ड यादीच्या तळाशी जाऊन बसला. सात महिन्यांत त्या गटाराबद्दल नगरपालिकेत लिहिली गेलेली ही पहिली खरी गोष्ट होती.

तेवढ्यात आकडेबाईंचे साहेब आत आले. हातात फाईल, नजर घड्याळाकडे. पडद्याकडे लक्ष गेलं आणि चेहरा उतरला.

"हे काय केलंत? नऊ?"

"एकच गटार आहे, साहेब. आपण अकरा वेळा मोजलंय."

"हे दोनशे चौदा कोण?"

"मी," शिंपीकाका म्हणाले.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, नमस्कार केला. माणूस वाईट नव्हता. "बसा ना, उभे का?" आणि मग बाईंकडे वळून हलक्या आवाजात, "अहो, इतका टोकाचा आकडा सरासरीत धरत नाहीत. तुम्हीच शिकवलंय ना मला? एका घरापायी अख्ख्या शहराचं चित्र बिघडतं. अपवाद म्हणून बाजूला काढा आणि प्रिंट द्या. तीनला दहा कमी आहेत."

नियम खरंच तसा होता. आकडेबाईंनीच लिहिला होता, चार वर्षांपूर्वी, चुकून पडलेले आकडे गाळायला. त्यांचा हात माऊसवर राहिला. दाबवेना आणि काढवेना.

काकांचा फोन वाजला. मुलीचा होता. जुना फोन, आवाज खोलीभर.

"बाबा, गल्लीच्या तोंडाशी आलोय आम्ही. गाडीवाला आत यायला तयार नाही. आईला फार दुखतंय, बसवत नाहीये तिला. पाणी आहे का अजून? उतरवू का इथे?"

काकांनी फोनवर तळहात ठेवला आणि साहेबांकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, खरोखरच विचारत होते.

"काय सांगू तिला, साहेब?"

साहेबांचं लक्ष फाईलची पानं लावण्यात होतं. मान वर न करता, रोज शंभरदा म्हणतात तसंच ते म्हणाले, "फोन करून तक्रार नोंदवायला सांगा."